अर्ध्या वॉटची पेटी

६ फेब्रुवारी, गुरुवार

आणि वर ताई म्हणते, तुझ्या भाऊजींनी कधी नको म्हटलंय का! अगं, नको नाही म्हटलं हे खरं. पण गिटार वाजव तरी कधी म्हटलं? लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी? तर दूध उतू जातंय म्हणाली आणि फोन ठेवला. माझं बोलणं जरा बरोबर निघायला लागलं की ताईचं दूध नेमकं उतू जातं.

भाऊजी बेकरीत रात्रपाळीला. सकाळी येतात, अंगाला पिठाचा वास, दोन शब्द बोलतात आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे होतात. तिथून दुपार टळेपर्यंत घर मुकं. ताई बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन घेऊन बसते, लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते. गिऱ्हाईक नसलं की गिटार घेते. विजेवरची गिटार, पण वीज न लावता – नुसत्या तारा. मधल्या फळ्यांच्या भिंतीला पाठ टेकायची, गिटारच्या लाकडाला कान लावायचा आणि वाजवायचं. तिचं तिलाच धड ऐकू येत नाही.

मी म्हटलं, मशीन खडखडतं तेव्हा झोपतात ना ते? तर म्हणाली, "मशीन पोटासाठी आहे रे."

म्हणजे पोटासाठी खडखडाट चालतो. जिवासाठी नाही.

आणि शेवटी हसत हसत सांगितलं की गिटार शेजारच्या मुलीला देऊन टाकणार आहे. मुलीची परीक्षा झाली की. निदान तोंड न दाबता कुणी तरी वाजवेल म्हणे. रडत सांगितलं असतं तर समजूत घातली असती. हसत सांगितलं, त्याला काय करायचं?

९ फेब्रुवारी, रविवार

हेडफोनचं मी आधीच सुचवून झालंय. घातले होते तिने. खिडकीशी एक बाई हाका मारून मारून निघून गेली, पुन्हा आलीच नाही. कान बंद केले की धंदा बंद.

बॅटरीवर चालणारा तळहाताएवढा स्पीकरचा डबाही मीच पाठवला होता मागे. डास गुणगुणल्यासारखा आवाज. ताई म्हणाली, यापेक्षा लाकूड बरं. तिचंही खरं आहे. लग्नाआधी ती जिथे गिटार शिकायला जायची तिथे व्हॉल्व्हवरची ॲम्प्लिफायरची पेटी होती, जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे ना, तसल्या दिव्यांवरची. मला घेऊन जायची सोबत, घरी ठेवलं तर मी भिंतीवर चढायचो म्हणून. तो आवाज माझ्याही डोक्यात बसलाय. जाड, ऊबदार, कुणीतरी छातीतून बोलावं तसा. पण ती पेटी एवढी मोठी की कपाटावरची भांडी वाजायची.

तसलाच आवाज, पण एवढासा. दाराच्या अलीकडे ऐकू यावा, पलीकडे नाही. बाजारात आहेत तशा पेट्या, किंमत विचारून मी दुकानदाराची माफी मागितली.

मग म्हटलं, बनवू. दुकानात जळक्या मोटारी भरतो मी रोज, नवी तार गुंडाळून. तांब्याची तार हातात असते. का नाही जमणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला सांगितलं, परीक्षा होईपर्यंत थांब, मी बनवतोय. ती एवढी हसली की खोकला आला तिला. मग मोजून दाखवलं – सातवीनंतर शाळा सोडली, गॅरेज सोडलं, हॉटेल सोडलं, रंगकाम तर शिडीवर असतानाच सोडलं. "भिंगरी, तू आणि काही पूर्ण करणार?"

भिंगरी म्हणजे मी. एका जागी ठरत नाही म्हणून.

पण थांबते म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

रेडिओवाले आजोबा सापडले! जुन्या बाजाराच्या टोकाला, जिन्याखाली दुकान. दुकान कसलं, मेलेल्या रेडिओंची शवपेटी. मध्ये आजोबा, नाकाच्या टोकावर चष्मा. मी सांगितलं काय हवंय. इथे येणारा प्रत्येक पोरगा मोठा आवाज मागतो म्हणाले, कमी आवाज मागायला आलेला मी पहिला.

एक रेडिओ दिला, वाळवी लागलेला. आतले दोन व्हॉल्व्ह चांगले निघाले. विजेचा ट्रान्सफॉर्मरही. पण स्पीकरच्या आधी जो दुसरा ट्रान्सफॉर्मर लागतो तो जळालेला. आजोबा म्हणाले, तो नवा घ्यावा लागेल, महाग आहे. मी म्हटलं, तो मी भरतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोटारवाला ना? भर की मग."

एका कागदावर नकाशा काढून दिला. प्रत्येक जोडाला एक टिंब. पहिल्या व्हॉल्व्हने आवाज मोठा करायचा, दुसऱ्याने त्याला बळ द्यायचं, ट्रान्सफॉर्मरने ते स्पीकरच्या अंगाला मानवेल असं करायचं. एवढंच. त्यांनी सांगितलं तेव्हा तरी एवढंच वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या दुकानाच्या मिस्त्रींना विचारलं, जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंगचं हातमशीन वापरू का. मिस्त्री कधीच हो म्हणत नाहीत. "मशीन बिघडवलंस तर तुलाच गुंडाळीन त्याच्यावर" म्हणाले. म्हणजे हो.

तार केसापेक्षा बारीक. मोटारीची तार म्हणजे दोरखंड वाटतो याच्यापुढे. श्वास सोडला की हलते. हजारो वेढे घालायचे आणि प्रत्येक थरावर कागद. आज तीनदा तुटली. चौथ्यांदा मिस्त्री मागे येऊन उभे राहिले, माझी कोपरं धरून टेबलाला टेकवली. मग नाही तुटली.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुंभकर्ण आला आज. खोलीतला माझा जोडीदार. लांबचा ट्रक चालवतो, आला की दोन दिवस झोपतो, उठला की पुन्हा ट्रक. पलंगावर माझे रेझिस्टन्स, रंगीत पट्ट्यांचे ते इवले तुकडे, रंगांप्रमाणे लावून ठेवले होते. तो त्यांच्यावरच झोपला. उठवायचा प्रयत्न केला, पण त्यापेक्षा भिंत हलली असती. शेवटी एकेक त्याच्या खालून ओढून काढला. एक तपकिरी-काळा-पिवळा त्याच्या गालाला चिकटलेला.

मनात आलं, हा बरा आहे की! दिवसा झोपणारा माणूस. भाऊजींसारखाच. पेटी झाली की याच्यावर बघायची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वेढे संपले. आता लोखंडी पट्ट्या भरायच्या. निम्म्या इंग्रजी ई अक्षरासारख्या, तीन दातांच्या, निम्म्या नुसत्या सरळ. आमच्या दुकानात हे काम म्हणजे इज्जतीचं. एक इकडून, एक तिकडून, आलटून पालटून, ठोकून ठोकून अशा बसवायच्या की लोखंड एकजीव व्हावं. कुठे फट राहिली की मिस्त्री त्यात नख घालून बघतात आणि सगळ्यांसमोर विचारतात, हे काय खिडकी ठेवलीस का, वारा यायला?

आज माझ्या पट्ट्यांत त्यांनी नख घातलं. गेलं नाही. उजेडासमोर धरलं. काही दिसलं नाही. मग वार्निशचा डबा स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवला. इतक्या महिन्यांत एवढं कौतुक पहिल्यांदाच. दिवसभर हवेत होतो.

२ मार्च, रविवार

पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली. सॉकेट बसवले. सगळा दिवस सोल्डर. बोट भाजलं, चादर भाजली. मालकीणबाई खालून ओरडल्या की जळका वास कसला. मी म्हटलं, उदबत्ती. त्या म्हणाल्या, असल्या उदबत्तीने भाडं वाढतं.

५ मार्च, बुधवार

ताईचा फोन. मुलीची परीक्षा सुरू झाली. कुठवर आलं म्हणून विचारलं तिने. पहिल्यांदा स्वतःहून विचारलं! जवळजवळ झालं म्हणालो. जवळजवळ म्हणजे तुझ्या भाषेत किती, म्हणाली.

८ मार्च, शनिवार

वीज बंद करूनही आतल्या कपॅसिटरमध्ये ती दबा धरून बसते. आजोबांनी बजावलं होतं – बल्बच्या दोन वायरी लावून आधी रिकामी कर, आणि एक हात खिशात ठेव. आज घाईत दोन्ही विसरलो. खांद्यापर्यंत झटका बसला, खुर्चीसकट मागे. ताईला सांगायचं नाही. मिस्त्रींना तर नाहीच.

९ मार्च, रविवार

पहिल्यांदा चालू केली. सरळ नाही, आधी मधे बल्ब घालून. आत कुठे वायर वायरीला चिकटली असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. बल्ब जरासा उजळला आणि मंद झाला. म्हणजे ठीक. मग बल्ब काढला. व्हॉल्व्हच्या पोटात हळूहळू लाल झालं. मी आणि ते दोन दिवे. कुंभकर्ण घोरतोय.

गिटार नाही माझ्याकडे. मोबाइलमधलं गाणं वायरीने आत सोडलं.

आला आवाज. आला, पण कसला! घसा बसलेल्या माणसासारखा. जाडपणा नाही, खालचे सूर तर नाहीतच. जरा वाढवलं की चिरकतो. डासापेक्षा बरा म्हणायचा. एवढ्यासाठी एवढं?

१३ मार्च, गुरुवार

सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. तेच. कपॅसिटर बदलले. तेच. दुसरा स्पीकर लावून बघितला. तेच.

दुकानात एक जण सांगत होता, बंदरावर क्रेनच्या मोटारींचं काम निघालंय, पगार जास्त, राहायला खोली. या सोमवारी निघतायत. नाव देऊ का म्हणाला.

मी लगेच नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर पाय केव्हाच निघाले होते. जिथे काम अडतं तिथून माझे पाय आधी निघतात.

१५ मार्च, शनिवार

ताईने आज काही विचारलंच नाही. विचारलं ते फक्त माझं जेवण, खोकला, कपडे. मीच म्हटलं, पेटीचं विचार ना. तर म्हणाली, "राहू दे रे. तू बसलास ना एका जागी इतके दिवस? मला तेवढंच पुष्कळ आहे."

याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. क्रेनवाल्याला नकार देऊन आलो.

१६ मार्च, रविवार

पेटी पिशवीत घालून आजोबांकडे. त्यांनी ऐकली. उघडली. जोड बघितले, मान हलवली, नकाशाबरहुकूम आहे म्हणाले. मग ट्रान्सफॉर्मरवर नख फिरवलं आणि थांबले. पट्ट्या कशा भरल्यास?

मी छाती पुढे काढून सांगितलं. आलटून पालटून. केस जायचा नाही.

आजोबा हसायला लागले. स्टुलाला धरून हसले. "अरे, इतकं चांगलं कुणी सांगितलं होतं करायला?"

मग सांगितलं. मोटारीत आणि घरच्या विजेत प्रवाह पुढे-मागे होतो, लोखंड भरतं आणि सुटतं. इथे व्हॉल्व्हचा प्रवाह एकाच बाजूने रेटत राहतो, सारखा. लोखंड त्यानेच पोटभर भरतं, मग आवाजाला आत जागा कुठे? म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या सरळ दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागद. मुद्दाम ठेवलेली फट. आणि चूक त्यांचीच म्हणाले – मोटारवाला आहे म्हटल्यावर तेवढंच नेमकं सांगायला हवं होतं, नेमकं तेच राहिलं.

म्हणजे महिनाभरात मी जे काम सगळ्यांत चांगलं केलं, तेच नडलं!

१९ मार्च, बुधवार

वार्निश वाळून दगड झालेलं. पट्ट्या एकेक करून उचकटल्या, जेवणाच्या तीन सुट्ट्या गेल्या. मिस्त्री बघत होते. का फोडतोयस म्हणाले. सांगितलं, फट ठेवायचीय.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा. जणू मी त्यांच्या आईला काही बोललो. माझ्या दुकानात फट? माझ्या हाताखाली शिकलेला माणूस? चहा आला तर माझा कप दुसऱ्याच्या हाती पाठवला. आणि संध्याकाळी दुकान बंद करताना हळूच विचारलं, फट किती जाड म्हणाला तो म्हातारा? मी म्हटलं, कागदाएवढी. ते आत गेले आणि मोटारीच्या खाचेत घालायचा पिवळा कागद कापून आणला, चारही कडा सरळ. फट ठेवायचीच तर नीट ठेव म्हणाले.

२३ मार्च, रविवार

आला! आला आवाज!

काय लिहू. गाणं सोडलं आणि खालचा सूर टेबलावरून माझ्या कोपरात आला. तोच तो, छातीतून बोलणारा. मी सात-आठ वर्षांचा झालो एकदम. ताईच्या मांडीला टेकून बसलेला, बोट धरून ठेवलेलं तिने, पळू नये म्हणून. डोळ्यांत पाणी आलं, सोल्डरचा धूर म्हणू आपण.

तोपर्यंत मालकीणबाई वर आल्याच. दार वाजवलं नाही, सरळ उघडलं. मी म्हटलं, आता भाडं वाढतंय. तर त्या दारातच उभ्या. गाणं संपेपर्यंत. मग म्हणाल्या, खाली भांडी हलतायत माझी. आणि गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या, हातात धुळीने भरलेली गिटार, चार तारा शाबूत. मुलाची. मुलगा कुठे आहे विचारायचं धाडस झालं नाही. म्हणाल्या, मोबाइल काय लावतोस त्याला, हे लाव.

कुंभकर्णाला या सगळ्याचा पत्ता नाही. कुशी बदलली फक्त. हा माणूस चाचणीला बिनकामाचा. याच्यावर ट्रक घातला तरी घोरेल.

२४ मार्च, सोमवार

आनंद ओसरल्यावर लक्षात आलं. भांडी हलतायत म्हणजे काय? म्हणजे भाऊजी उठणार. ही पेटी चार वॉटची, म्हणजे मला वाटलं होतं मुंगी. व्हॉल्व्हची मुंगी घोड्याएवढी असते. आवाजाचं बटण खाली केलं तर कमी होतो, पण मजाही जाते. या काचेला जरा राबवलं तरच ती गाते.

मुलीची परीक्षा शुक्रवारी संपतेय.

२६ मार्च, बुधवार

आजोबा म्हणाले, घोड्याला चारा कमी कर. शेवटच्या व्हॉल्व्हला जाणारं व्होल्टेज उतरवायचं. दोन जाड रेझिस्टन्स, एक-दोन बदल. आता अर्धा वॉट. तेवढ्यातच काच पुरती राबते आणि तेवढ्यातच गाते. आवाज इवलासा, पण पूर्ण. लहान चणीच्या माणसासारखा – उंची कमी, बाकी सगळं जागच्या जागी.

मालकीणबाईंच्या गिटारवर ताईने शिकवलेलं एकुलतं एक गाणं वाजवलं. अर्धंच येतं मला. तेच तेच, तासभर. मग खाली गेलो. त्या भाजी चिरत होत्या. विचारलं, त्रास झाला का. त्यांनी सुरी थांबवली. "आज वाजवलं नाहीस का तू? मी वाट बघत होते."

जमलं! एवढंच हवं होतं मला.

वाट बघत होते म्हणाल्या, ते जिना चढताना लक्षात आलं. परत खाली गेलो आणि त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन वाजवलं. एकदाच. अर्धंच. त्या भाजी चिरत राहिल्या.

२८ मार्च, शुक्रवार

कुंभकर्णाचा ट्रक ताईच्या गावावरून जाणार आहे. व्हॉल्व्ह काढून माझ्या मोज्यांत घातले, धुतलेल्या. मोजे उशीच्या खोळीत. पेटी घोंगडीत. त्याला दहा वेळा सांगितलं, काच आहे. तो म्हणाला, अंडी नेलीत मी, आरसे नेलेत, एकदा एक नवरी नेली माहेरून, काही फुटलं नाही.

ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा होतो. नंतर टेबल बघवेना. एवढं मोकळं.

आज परीक्षा संपली. ताईला फोन केला, दोन दिवस थांब म्हणालो. बघते म्हणाली.

३० मार्च, रविवार

पोचली. फुटलं नाही काही. कुंभकर्णाने फोन लावून दिला. कुठला व्हॉल्व्ह कुठे, मी इथून सांगतोय, तो तिथून बसवतोय. ताई मधे मधे विचारतेय की हे मोजे कुणाचे.

मग फोन टेबलावर ठेवला बहुतेक. खुर्ची सरकली. आणि मग ते.

फोनमधून कितीसं कळणार. पण कळलं. एक सूर वाजवला तिने आणि थांबली. मला वाटलं फोन कट झाला. मग पुन्हा तोच सूर. मग ते गाणं, मला अर्धं येतं ते. तिने पूर्ण वाजवलं. मधे दोनदा चुकली, गिटारला शिवी दिली आणि पुढे गेली.

नंतर फोन घेऊन एवढंच म्हणाली की पूर्ण केलंस. मी मोजे माझेच, धुतलेले आहेत असं सांगायला लागलो. तर म्हणाली, दूध उतू जातंय. या वेळी मात्र मला माहीत होतं गॅसवर काही नाही.

२ एप्रिल, बुधवार

शेजारच्या मुलीला गिटार दिली नाही! तिला सांगितलं, इथे येऊन शीक. मुलगी आधी फुरंगटली, मग पेटीचे लाल दिवे बघून रोज येते.

ताईने आता सगळी नीट व्यवस्था लावलीय. पेटी खिडकीशी, मशीनच्या बाजूला. भाऊजी झोपले की आतलं दार लावून घेते, दाराच्या फटीला चादर लावते, बटण एकावर. उंबऱ्यापलीकडे जात नाही म्हणाली आवाज. अभिमानाने सांगत होती. मलाही अभिमान वाटला.

भाऊजी काय म्हणाले, मी विचारलं. काही नाही म्हणाले. बघितली, हात लावून बघितली, चांगली आहे म्हणाले. बस.

बस! एवढी तार गुंडाळली मी. चांगली आहे. त्या माणसाला देवाने शब्द मोजून दिलेत आणि तो तेही शिल्लक टाकतो.

६ एप्रिल, रविवार

भाऊजींचा फोन. स्वतःहून! आजवर कधी आला नव्हता. बेकरीतून, मागे भट्टीचा आवाज. मला वाटलं ताईला काही झालं.

बराच वेळ हवापाणी. मग म्हणाले, झोप लागत नाही या आठवड्यात. माझं डोकंच फिरलं – उंबऱ्यापलीकडे जात नाही तो आवाज, मी स्वतः खाली जाऊन विचारून आलो होतो! तर म्हणाले, "तेच रे. येतच नाही. ती आधी माझ्या उशामागच्या फळीला टेकून वाजवायची. लाकडातून यायचं सगळं. इतकी वर्षं त्याच्यावरच झोपलोय."

मी म्हटलं, मग तिला सांगितलं का नाहीत कधी? तर म्हणाले, कुणी ऐकतंय कळलं तर ती जपून वाजवेल असं वाटलं. तिचं ते चुकणं, गिटारला शिव्या देणं, ते गेलं असतं. आणि मग विचारलं, पेटीला आणखी एक छोटा स्पीकर जोडता येतो का, उशाशी ठेवायला? तूच सांग तिला, मला नाही जमणार.

जोडता येतो. पण सांगणार मी नाही. लांब वायर आणि लहान स्पीकर, दोन्ही त्यांच्या गावात मिळतात. कसं जोडायचं ते फोनवर सांगेन. वायर तिच्यासमोरून, मशीनखालून, दारातून आत त्यांनाच ओढायला लावणार. ती विचारेल, हे कशाला? मग बोलावंच लागेल.

पैसे भाऊजींच्या नावावर पाठवतोय, ताईच्या नाही. सहाशे चाळीस.